मिरजेचा तंबोरा आणि खाँसाहेबांचे अखेरचे गाणे

१/ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीस निघालेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ प्रकृती बिघडल्याने सिंगपेरुमलकोईल स्थानकात उतरले. शिष्यपरंपरा सांगते : फलाटावरच त्यांनी तंबोरा जुळवला, दरबारी कानड्यात प्रार्थना आळवली आणि प्राण सोडला.

२/ त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

३/ याच मिरजेत शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांचे वंशज तंबोरे घडवतात. त्यासाठी भोपळे येतात पंढरपूरच्या परिसरातून. विठ्ठलाच्या भूमीत वाढलेले फळ दर्ग्याच्या गावी स्वर धरते.

४/ आजही उरुसात गवई खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीतसेवा रुजू करतात. त्यांच्यासाठी जुळलेला तंबोरा हीच गुरूची आठवण आणि हीच प्रार्थना.