ओल्या रानात जीन्स नको, टेरिकॉट बरी

झरी, मारेगाव, पांढरकवडा भागात पावसाळ्यात जंगलाला लागून काम करणारे बरेच जण जुनी जीन्स घालतात. ती भिजली की जड होते, दिवसभर वाळत नाही, मांड्या सोलतात. जाड टेरिकॉटची ढगळ पँट लवकर वाळते. गुडघ्यावर दुहेरी कापड शिवून घ्या, काट्यात टिकते. गमबूट असेल तर पँट बुटाच्या बाहेर सोडा, नाहीतर पाणी आत उतरते.

फवारणीची पँट मात्र वेगळीच ठेवा. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास जीव गेले. तेव्हा कपाशी माणसाएवढी वाढली होती. औषधाने भिजलेलं कापड अंगावर राहिलं तर विष कातडीतून आत जातं. पँट लगेच बदला, अंग साबणाने धुवा, आणि ती पँट घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.