हाताची परीक्षा

सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न सकृद्दर्शनी शिक्षणखात्याचा वाटतो. वस्तुतः तो गावच्या विहिरीचा प्रश्न आहे. विहिरीत ब्लीचिंग पावडर, जिला आपल्याकडे खेड्यापाड्यांत टीसीएल म्हणतात, ती किती घालावी हे ठरविण्यासाठी हॉरॉक्सची पेटी वापरतात. तीत सहा पांढरे पेले असतात आणि एक काळा. ज्या पहिल्या पांढऱ्या पेल्यात निळा रंग स्पष्ट उमटतो, त्याच्या क्रमांकाच्या दुप्पट ग्रॅम पावडर दर ४५५ लिटर पाण्यास लागते. हे उत्तर पाठ करावयास पाच मिनिटे पुरतात. परंतु दोर सोडून पाण्याची खोली मोजणे आणि पाण्याला वास येतो म्हणून तक्रार करणाऱ्या म्हातारीची समजूत घालणे, या गोष्टी पाठांतराने येत नाहीत.

ही जाणीव आपल्या देशात नवी नव्हे. ३० डिसेंबर १९३२ रोजी कलकत्त्यास अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली. रॉकफेलर प्रतिष्ठानाचे तिला साहाय्य होते. नुसत्या व्याख्यानांनी भागत नाही, हे ओळखून १९३९च्या सुमारास हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे संस्थेचे ग्रामीण केंद्र उभे राहिले. विद्यार्थ्याला शिकण्यासाठी खेडे मिळाले.

पुढे ऑक्टोबर १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली गेली. भोर हे मूळचे आपल्या नाशिकचे. १९४६च्या अहवालात समितीने तीन महिन्यांच्या प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या शिक्षणाची शिफारस केली. २०२१च्या नियमांतही आंतरवासितेच्या वर्षात या विषयाला १२ आठवडे दिलेले आहेत.

स्थळ मिळाले, काळ मिळाला. उरला पाहणारा डोळा. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी पद्धत मांडली. विद्यार्थ्याने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जावयाचे, प्रत्येक ठिकाणी एक काम करून दाखवावयाचे आणि परीक्षकाने ठरलेल्या यादीप्रमाणे गुण द्यावयाचे. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी याच विचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणे, कसे करावे ते माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष करणे. टेबलावरची परीक्षा तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचते. चौथी पायरी विहिरीच्या काठावर असते.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्यात अतिसाराची साथ आली असता मी त्या काठावर उभा होतो. सोबत आंतरवासितेतील एक तरुण होता. त्याच्या नोंदवहीत 'जलशुद्धीकरण : केले' अशी नोंद होती आणि खाली वरिष्ठांची सही. पेटी उघडल्यावर मात्र तो क्षणभर थांबला व हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, हा काळा पेला कशासाठी?" त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही. सही करणाऱ्याने त्याचा हात कधी पाहिलाच नव्हता. आणि अशा नोंदींवर आधारलेल्या कित्येक अहवालांवर मीही सह्या केल्या होत्या.

पावडरीचे द्रावण काळ्या पेल्यात करतात, हे आरोग्यसेवकाने त्याला दाखविले. पहिल्या खेपेस तरुणाचे थेंब चुकले, दुसऱ्या खेपेस अर्धा तास थांबावयाचा धीर सुटला. तिसऱ्या खेपेस, दिवेलागणीच्या सुमारास, तिसऱ्या पेल्यात निळा रंग उमटला आणि त्याने स्वतः विहिरीचा हिशेब करून पावडर तोलली. त्या दोन चुका आणि त्यांची दुरुस्ती नोंदवावयास वहीत रकानाच नव्हता.

तो रकाना आपण घालावयास हवा. कोणी पाहिले, काय चुकले आणि पुन्हा केव्हा पाहिले, एवढ्या तीन गोष्टी लिहावयाच्या. त्यासाठी शिक्षकाला महाविद्यालयाची पायरी उतरून गावापर्यंत जावे लागेल. त्याच्या जाण्यायेण्याच्या भत्त्याचा कागद आमच्यासारख्यांच्या टेबलावर येईल, तेव्हा तो अडवू नये, इतके तरी आम्हांस करता येईल.