दिसले, की दिसल्यासारखे वाटले?

१९४७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात क्षयरोगाच्या तपासणीविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता. हजारो माणसांच्या छातीचे क्ष-किरण फोटो काढायचे, तर मोठी महागडी फिल्मच हवी की ३५ मिलिमीटरची छोटी चालेल? १,२५६ व्यक्तींचे फोटो चार पद्धतींनी काढले गेले आणि पाच तज्ज्ञांनी ते स्वतंत्रपणे तपासले. उत्तर आले ते भलतेच. पद्धतीपद्धतींत जेवढा फरक होता, त्याहून अधिक तज्ज्ञातज्ज्ञांत निघाला! इतकेच नव्हे, तोच फोटो काही काळाने पुन्हा पुढे ठेवला, तर तोच तज्ज्ञ कधी कधी आपले मत बदलत असे. एखादा डाग नजरेतून निसटला तर रोगी आजार घेऊन घरी जाणार, आणि नसलेला डाग दिसला तर धडधाकट माणूस आरोग्यधामात. मग ‘फोटो चांगला आला आहे’ म्हणजे नेमके काय?

या प्रश्नाला आकड्यांत उत्तर मिळण्याचा पाया घातला तो दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्या एका भौतिकशास्त्रज्ञाने. अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीच्या प्रयोगशाळेतले आल्बर्ट रोझ यांनी १९४८ साली एक निबंध लिहिला. त्याचा गाभा आपल्याला वर्गातही दाखवता येईल. मोठ्या चौकटींचा एक कागद घ्या आणि त्यावर वरून मूठभर मोहरी सारखी पसरेल अशी टाका. आता प्रत्येक चौकटीतले दाणे मोजा. सरासरी नऊ असेल, तर बहुतेक चौकटींत सहा ते बारा दाणे सापडतील. नेमके नऊ फारच थोड्या चौकटींत. सरासरी शंभर झाली, तर चढउतार सुमारे दहाचा. म्हणजे चढउतार हा सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. प्रकाशाचे आणि क्ष-किरणांचे फोटॉनही असेच पडतात. उपकरण कितीही निर्दोष करा, हा चढउतार जात नाही, कारण तो खुद्द किरणांतच आहे.

त्याला तंत्रज्ञ ‘नॉइज’ म्हणतात. मागच्या बाकांवर कुजबूज चालू असली की हळू बोललेले ऐकू येत नाही, तसेच चित्रातही होते. डाग आणि त्याच्या आसपासचा भाग यांच्या उजळपणातला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट. हा फरक चढउतारात बुडून गेला, तर डाग असून नसल्यासारखाच. रोझ यांच्या मते डाग खात्रीने ओळखू यायचा असेल, तर फरक चढउताराच्या सुमारे पाचपट हवा. हा पाचाचा आकडा काही दगडावरची रेघ नाही, पण ढोबळ हिशेबाला पुरतो. फरक दहा टक्के असेल, तर डागाएवढ्या जागेत अडीच हजार फोटॉन हवेत, कारण अडीच हजारांचे वर्गमूळ पन्नास आणि त्याची पाचपट अडीचशे, म्हणजे बरोबर दहा टक्के. फरक एकच टक्का असेल, तर अडीच लाख! रोझ यांनी पुढे एका स्त्रीच्या चित्राची मालिकाच छापली. तीन हजार फोटॉनांच्या चित्रात नुसते ठिपके दिसतात. पावणेतीन कोटींच्या वर गेल्यावर चेहरा पूर्ण उमटतो.

क्ष-किरणांच्या बाबतीत हे फोटॉन फुकट मिळत नाहीत, ते रुग्णाच्या शरीरातून जातात. निम्म्या कॉन्ट्रास्टचा डाग पाहायचा, तर प्रारणाची मात्रा चौपट करावी लागते. डागाचा व्यासही निम्मा असेल, तर सोळापट.

त्या काळात डॉक्टर चमकणाऱ्या पडद्यावर हलते क्ष-किरण चित्र पाहत. पडदा इतका मंद असे, की डोळे सरावण्यासाठी आधी बराच वेळ अंधारात बसावे किंवा लाल चष्मा लावून हिंडावे लागे. ही अडचण १९४२ साली चेंबरलेन यांनी नीट मांडली होती (१९४७ च्या अहवालाच्या लेखकांतही ते होते). मग चित्र शेकडो पटींनी उजळ करणाऱ्या नळ्या आल्या. आता सगळेच दिसणार, अशी आशा होती. पण अशा यंत्रांच्या मर्यादेचा हिशेब स्टर्म आणि मॉर्गन यांनी १९४९ सालीच मांडला होता. पडद्याने टिपलेल्या क्ष-किरण फोटॉनांची संख्याच मुळात अपुरी असेल, तर उजळपणा वाढवून डाग आणि नॉइज दोन्ही सारखेच उजळ होतात. आम्हाला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा मुद्दा वाटतो. आजही संगणकाच्या पडद्यावर चित्र उजळ केले म्हणजे त्यातली माहिती वाढली, असा समज सर्रास आढळतो.

हॉलंडमधील फिलिप्स कंपनीचे डॉ. बर्गर यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात कमी कमी होत जाणाऱ्या व्यासाच्या आणि उंचीच्या बारीक दंडगोलांच्या रांगा बसवल्या आणि त्याचे क्ष-किरण फोटो काढून माणसांना विचारले, कुठवर दिसते? प्रत्येक व्यासाला किती कमी कॉन्ट्रास्टचा दंडगोल दिसतो, याचा आलेख काढला, की यंत्र, फिल्म आणि डोळा या तिघांची एकत्र परीक्षा होते. असा आलेख आजही काढतात.

पण पाहणारा ‘दिसते’ म्हणतो ते खरे कशावरून? कुठे काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असते! हॉलंडमध्येच पुढे तयार झालेल्या सीडीरॅड नावाच्या पट्टीत यावर छान युक्ती आहे. तिच्यात २२५ चौकटी असतात. बहुतेक चौकटींत मधोमध एक छिद्र आणि चारांपैकी कुठल्या तरी एका कोपऱ्यात तसेच दुसरे. पाहणाऱ्याने कोपरा सांगायचा. नुसत्या अंदाजाने चारांत एकदा बरोबर येईल, त्याहून जास्त आले तरच ते पाहणे. चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना ही युक्ती परकी वाटणार नाही.

कॉन्ट्रास्ट भागिले नॉइज हे गुणोत्तर आता संगणक क्षणात काढून देतो, आणि सी.टी. स्कॅनमधला नॉइज पुसणारे प्रोग्रॅमही आले आहेत. चित्र गुळगुळीत होते, गुणोत्तर वाढते. मात्र पुसताना यकृतातला एखादा फिकट, लहानसा डागही त्याबरोबर पुसट होऊ शकतो. म्हणून अशा प्रोग्रॅमच्या चाचणीत जागा ठाऊक असलेले फिकट डाग ठोकळ्यात मुद्दाम ठेवतात, ते न सांगता तज्ज्ञांपुढे मांडतात, आणि किती सापडले, किती नसलेले सापडले, याची मोजदाद ठेवतात.