लेक की सून?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका तरुण मुलीचं चित्र आहे. उंची जेमतेम ४३ सेंटिमीटर. इटालियन चित्रकार पिसानेल्लोने ते पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलं. मुलगी आपल्याकडे बघत नाही. नाण्यावरच्या राजासारखा तिचा चेहरा एका बाजूने दिसतो. कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस काढून टाकलेले, ही तेव्हाची फॅशन. मागे गर्द झुडपात फुलं आणि फुलपाखरं. नाव मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

फोनवर हे चित्र उघडा आणि तिच्या बाहीवर झूम करा. तिथे दोन कानांचा एक घडा भरलेला दिसेल. हे फेराराच्या एस्ते राजघराण्याचं चिन्ह. म्हणजे घर कळलं. मुलगी कोण?

अभ्यासक मुख्यतः दोन नावं घेतात. पहिलं जिनेव्रा. मुलीच्या खांद्याशी जुनिपरची डहाळी आहे. या झुडपाला इटालियनमध्ये जिनेप्रो म्हणतात, आणि नावावरून असे श्लेष करणं दरबारी मंडळींना फार आवडायचं. जिनेव्रा ही एस्ते घराण्याची लेक. १४३४ मध्ये तिचं लग्न रिमिनीच्या सिजिस्मोंदो मालातेस्ताशी झालं.

दुसरं नाव मार्गेरिता गोंझागा. ही मांतुआच्या राजघराण्यातली. १४३५ मध्ये लिओनेल्लो देस्तेशी लग्न होऊन फेराराला आली. तिच्या नावाचा अर्थ मोती, आणि बाहीवरचा घडाही मोत्यांनीच भरलेला आहे.

म्हणजे सगळा वाद एवढ्यावर येतो, की हा घडा तिच्या माहेरचा की सासरचा? त्या काळी लग्न म्हणजे दोन राज्यांमधला तह. मुलगी ज्या घरची, त्या घरची खूण अंगावर असली की दरबाराला पुरत होतं. मार्गेरिता १४३९ मध्ये गेली, जिनेव्रा १४४० मध्ये. दोघींनीही पंचविशी पाहिली नाही.

लिओनेल्लोबद्दल मात्र असा वाद होत नाही. त्याच पिसानेल्लोने त्याची पदकं घडवली आणि त्यांच्या कडेने त्याचं नाव कोरलं.

पिसानेल्लोने १४४७ मध्ये एका मुलीचंही पदक केलं, आणि त्यावर नाव आहे: चेचिलिया गोंझागा. ही मार्गेरिताचीच धाकटी बहीण. शिकलेली, हुशार. वडिलांनी ठरवलेलं लग्न तिने नाकारलं आणि पुढे ती मठात गेली. पदकावर आधी तिचं नाव, मग ‘कुमारी’, आणि मग ‘अमक्याची मुलगी’ म्हणून वडिलांचं नाव, पदवीसकट.

मार्गेरिताने घरच्यांचं ऐकलं. लूव्रमधली मुलगी तीच असेल, तर ऐकणाऱ्या बहिणीचं नाव आपण आज डहाळीत आणि मोत्यांत शोधतो आहोत. न ऐकणारीचं धातूवर सरळ वाचता येतं.