झडपेखालचा एक कण

गेल्या रमजान ईदला माझा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर गावी आला होता. आखाती देशात पाणबुड्यांच्या एका पथकात तो काम करतो. आधी वर उभा राहून नळ्या सांभाळायचा, आता स्वतः पाण्यात उतरतो. शीरखुर्मा पिता पिता त्याने मोबाइलमधला एक फोटो दाखवला. काळ्या रंगाची, तळहाताच्या खोलगट भागात मावेल एवढी एक चकती. “सर, हिच्यामुळे माझा खांदा रोज भिजतोय. तीन वेळा सूट धुतला, तरी तेच.”

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. समुद्र मी पाहिला तो शाळेच्या सहलीत. पण चकतीच्या आतली रचना त्याने समजावून सांगितली तेव्हा मी म्हणालो, “अरे, हा तर आपल्या मोटारीचा फुटबॉल!”

पालीच्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगतो. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाशी एक झडप असते. तिला फूट व्हॉल्व्ह म्हणतात आणि आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात. ती पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. तिच्या वायसरखाली वाळूचा एक खडा अडकला की रात्रभरात पाइप रिकामा होतो. सकाळी शेतकरी घागरीने पाइपात पाणी ओतत बसतो आणि मोटारीला शिव्या देतो. मोटारीचा काही दोष नसतो, दोष खड्याचा असतो.

त्या मुलाच्या खांद्यावरची झडप आणि आपल्या विहिरीतली झडप एकाच कुळातली आहेत. या कुळाचा इतिहास बाराशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातली काही महत्त्वाची पाने बगदाद आणि दियारबकरमध्ये लिहिली गेली.

नवव्या शतकात बगदादला तीन भाऊ होते. मुहंमद, अहमद आणि हसन. वडिलांच्या नावावरून जग त्यांना ‘बनू मूसा’ म्हणून ओळखते. इ.स. ८५०च्या सुमारास त्यांनी ‘किताब अल-हियल’ हा ग्रंथ लिहिला. हियल म्हणजे युक्त्या, यंत्रांच्या करामती. त्यात सुमारे शंभर उपकरणे आहेत. आपोआप भरणारी भांडी, कारंजी, दिवे. यातली बरीचशी दरबारी करमणुकीची होती. पण शेवटी शेवटी काही उपकरणे अशी येतात की आपल्या भागातल्या माणसाने थबकावे. एक आहे पाण्याच्या तळातून वस्तू उचलून आणणारा यांत्रिक पंजा. विहिरीत पडलेली बादली काढायला आपण गळ टाकतो, त्याचाच हा हुशार भाऊ. दुसरे आहे विषारी हवेच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसासाठी तोंडावर बसवायचे साधन, ज्यातून त्याला बाहेरची शुद्ध हवा मिळेल. खलिफांच्या राजधानीत बसलेल्या विद्वानांना विहिरीत उतरणाऱ्या मजुराच्या श्वासाची काळजी होती, ही बाब मला त्यांच्या सगळ्या कारंज्यांपेक्षा मोठी वाटते.

यानंतर साडेतीनशे वर्षांनी दियारबकरमध्ये अल-जझरी झाला. आर्तुकी घराण्याच्या दरबारातला हा कारागीर. १२०६ मध्ये त्याने आपला ग्रंथ पूर्ण केला. त्याचे हत्तीघड्याळ आज समाजमाध्यमांवर फिरत असते. पण माझ्या दृष्टीने त्याची खरी थोरवी एका साध्या कृतीत आहे. धातूची झडप कितीही नीट ओतली तरी ती तिच्या बैठकीवर तंतोतंत बसत नाही, कुठेतरी केसाएवढी फट राहते आणि पाणी झिरपते. जझरी सांगतो, झडप आणि तिची बैठक कुरुंदाची पूड घालून एकमेकींवर घासा, दोन्ही पृष्ठभाग जुळेपर्यंत घासा. आपले गॅरेजवाले इंजिनाच्या व्हॉल्व्हला पेस्ट लावून तो फिरवत बसतात, ते हेच काम. झडप घडवून काम संपत नाही, ती बसवावी लागते, हे आठशे वर्षांपूर्वीच्या या कारागिराने लिहून ठेवले.

आता पाणबुड्यांकडे येऊ. १८३०च्या दशकात ऑगस्टस सीबे या लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन कारागिराने पितळी शिरस्त्राण आणि रबर लावलेल्या कापडाचा अंगरखा एकमेकांना जोडून बंद पोशाख तयार केला. वरून माणसे हातपंपाने नळीतून हवा सोडत. वापरलेली हवा शिरस्त्राणावरच्या झडपेतून बाहेर जाई. १७८२ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष १८३९ ते १८४३ या काळात कर्नल पॅस्ली यांच्या देखरेखीखाली काढले गेले. तिथे हा पोशाख कसाला लागला.

या पोशाखात आणखी एक झडप फार मोलाची ठरली. ती हवेच्या नळीच्या तोंडाशी असे. हवा आत येऊ दे, परत जाऊ देऊ नकोस, एवढेच तिचे काम. वर नळी फुटली आणि ही झडप नसली, तर पोशाखातली हवा क्षणात वर निघून जाते आणि भोवतालच्या पाण्याचा सगळा दाब माणसाच्या अंगावर येतो. दहा मीटर पाण्याखाली हा दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो, वीस मीटरला तिप्पट. म्हणजे पाणबुड्याचा जीव त्या एका झडपेवर टांगलेला.

महाराष्ट्रातही अशा कामाची आठवण आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा, सगळे त्या एकाच जहाजात होते. बुडालेली जहाजे बाजूला काढून गोदी मोकळी करताना पाणबुड्यांना काळ्या, गढूळ पाण्यात काम करावे लागले. त्या स्फोटाच्या इतिहासात जहाजांची नावे येतात, सोन्याचा हिशेब येतो. गाळात उतरलेल्या माणसांची आणि वर त्यांचा पंप मारणाऱ्या हातांची नावे क्वचितच येतात.

माझ्या विद्यार्थ्याचा ड्रायसूट या जुन्या पोशाखाचा वारस आहे. मालवण-तारकर्लीला पर्यटक घालतात तो वेटसूट. त्यात पाणी शिरते, पण समुद्र उबदार असल्याने चालून जाते. ड्रायसूट थंड पाण्यासाठी असतो, किंवा घाण पाण्यासाठी. माझा विद्यार्थी घाण पाण्यात उतरतो. सूटच्या आत हवा असते. खोल जाताना ती आकसते, म्हणून छातीवरच्या झडपेचे बटण दाबून सिलिंडरमधली हवा आत घ्यायची. वर येताना ती फुगते, म्हणून डाव्या दंडावरच्या झडपेतून बाहेर सोडायची. एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी.

दंडावरच्या झडपेत छत्रीच्या आकाराचा सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. तो आपल्या बैठकीवर टेकलेला असतो. आतून हवेचा दाब आला की उचलतो, हवा गेली की परत बसतो. त्याच्याखाली आतल्या गरम कपड्याचा धागा, एक केस, वाळूचा कण किंवा सुकलेल्या मिठाचा खडा आला, की पडदा पूर्ण टेकत नाही आणि थेंब थेंब पाणी आत येते. विहिरीतला खडा इथे दंडावर येऊन बसतो.

मग गळती शोधायची कशी? त्याने सांगितलेली रीत आपल्या पंक्चरवाल्याचीच आहे. सूटचा गळा आणि मनगटे बांधून बंद करायची, दंडाची झडप फिरवून पूर्ण बंद करायची, सूट थोडा फुगवायचा आणि साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे झडपेच्या मधून आले तर पडदा किंवा बैठक तपासायची. झडपेच्या कडेने आले, तर झडप आणि कापड यांच्यामधली रबरी कडी जीर्ण झाली आहे किंवा झडपेचा फेर सैल आहे. झडपेपाशी काहीच आले नाही, तर गुन्हेगार दुसरा आहे. चेन, मनगटाची पट्टी किंवा कापडाला पडलेले बारीक छिद्र. आणि कधी कधी गळती नसतेच. कष्टाने आलेला घाम असतो, किंवा हवा सोडण्यासाठी मनगट उंच केल्यावर तिथूनच पाणी शिरलेले असते. आधी रोग ओळखा, मग औषध द्या, हे इथेही खरे.

देखभालही साधीच. प्रत्येक बुडीनंतर गोड्या, कोमट पाण्याने झडपा धुवायच्या. दंडाची झडप फिरवत धुवायची, म्हणजे मीठ निघून जाते. छातीची झडप धुताना तिला हवेची नळी जोडलेली ठेवायची आणि बटण दाबत राहायचे, म्हणजे पाणी आत न जाता घाण बाहेर पडते. मग सावलीत वाळवायचे. पेट्रोलियमचे ग्रीस किंवा व्हॅसलीन लावायचे नाही, रबर त्याने खराब होते. आतला कपडा धागे सोडणारा नको. झडप उघडून दुरुस्त करायचे काम शिकलेल्या तंत्रज्ञाचे, आणि ते ठरल्या मुदतीला करून घ्यायचेच.

दंडाची झडप गळली तर खांदा भिजतो. छातीची झडप अडकली तर जीव जाऊ शकतो. मिठाने बटण आतच राहिले की हवा येतच राहते, सूट फुगतो आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. अशा वेळी ताबडतोब नळी काढायची, दंडाची झडप पूर्ण उघडून तो हात वर करायचा आणि श्वास अजिबात रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवाही फुगत असते. हे सगळे पाण्याखाली सुचत नाही. म्हणून बटण जमिनीवरच दहा वेळा दाबून पाहायचे.

विद्यार्थ्याच्या सूटमध्ये शेवटी निघाला तो एक धागा. आतल्या कपड्याचा, बोटाच्या पेराएवढा. त्याने चिमट्याने तो काढला, झडप धुतली, साबणाचे पाणी लावले. बुडबुडा नाही. परत गेल्यावर त्याने हे फोनवर सांगितले, तेव्हा तो हसत होता. मला मात्र हसू आले नाही, कारण मला त्याचे चुलते आठवले.

पावसाळ्याआधी बुजत आलेल्या एका विहिरीतला गाळ काढायला ते उतरले होते. आत इंजिन चालवून पाणी उपसले होते, धूर तळाशी साचलेला. कंदील सोडून पाहिला होता, तो विझला नाही. कंदील विझला तर हवा नाही हे कळते. पण तो जळत राहिला म्हणून हवा बिनविषारी आहे असे होत नाही. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू दिवा विझवत नाही, माणूस विझवतो. चुलते वर आले ते इतरांच्या हातांवर. तेव्हा हा मुलगा माझ्याच वर्गात होता, सातवीत.

पालीहून बीडला जाताना रस्त्यात खजाना विहीर लागते. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवली. आराखडा राजा भास्कर यांचा. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी येते आणि बोगद्यातूनच शेतांकडे जाते. त्या बोगद्यांवर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले आहेत. त्यातून हवा खेळते आणि गाळ काढणारा माणूस आत उतरू शकतो. बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार केला, तसा पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या श्वासाचाही केला. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नहरींवरचे उंच मनोरेही असेच, पाण्याबरोबर आलेली हवा मोकळी करणारे.

आपण या वास्तूंसमोर उभे राहून फोटो काढतो आणि आपल्या पूर्वजांना किती ज्ञान होते म्हणून छाती फुगवतो. बनू मूसा आमचे, जझरी आमचा, निजामशाही आमची. फुगवायला हरकत नाही. पण मग उच्छ्वासात कचरा कोणी टाकला? बाराशे वर्षांपूर्वी विहिरीतल्या मजुरासाठी तोंडावरचे साधन सुचले, आणि आपल्या गावांत आजही माणूस उघड्या तोंडाने विहिरीत, सेप्टिक टाकीत उतरतो. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, सुरक्षा साधनांशिवाय गटारात-टाकीत माणूस उतरवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. कायदाही एक झडपच. तिच्याखाली निष्काळजीपणाचा कण अडकला की ती टेकत नाही.

त्या मुलाने जाताना मला एक वचन दिले. पुढच्या सुट्टीत येईल तेव्हा शाळेतल्या मुलांना तो झडप उघडून दाखवणार आहे. मी विहिरीतला एक जुना फुटबॉल आणून ठेवला आहे. दोन्ही शेजारी ठेवू आणि मुलांना विचारू, यातल्या कुठल्या झडपेवर माणसाचा जीव असतो? बघू, कोण काय उत्तर देते.