गोविंदरावांची आज्ञा

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रांतील एका प्रसंगापाशीं त्यांचे भक्त आणि टीकाकार दोघेही अडखळतात. १८७३ च्या आक्टोबरांत त्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई वारल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ३१ वर्षांच्या ह्या विधुरानें ११ वर्षांच्या कुमारिकेशीं लग्न केलें. टीकाकार ह्याला दुबळेपणा म्हणतात, भक्त पितृभक्ति म्हणतात, आणि वाद तेथेंच संपतो. आम्हांस हे दोन्ही निकाल उतावळे वाटतात.

रानडे कांहीं घाबरट गृहस्थ नव्हते. विधवाविवाहास वेदांचा आधार आहे हें दाखविणारा इंग्रजी निबंध त्यांनीं १८७० सालीं प्रसिद्ध केला होता. विष्णुशास्त्री पंडितांच्या चळवळींत ते अग्रभागीं होते, आणि १८६९ सालीं मुंबईस झालेल्या पुनर्विवाहामुळें ओढवलेल्या बहिष्कारासही त्यांनीं तोंड दिलें होतें. शंकराचार्यांचा अधिकार मोठा खरा. पण तो दूर मठांत होता, आणि त्याच्याशीं शास्त्रार्थ करितां येत असे. पुण्याच्या घरांत ज्या अधिकाराशीं गांठ पडली, त्याच्यापुढें वेदवचनांचा कांहींच उपयोग नव्हता.

वडील गोविंदराव यांची भीति अगदीं साधी होती. मुलगा सुधारक, तो आतां विधवेशीं लग्न लावील आणि सारें घर जातीबाहेर पडेल. रमाबाईंनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ ह्या पुस्तकांत हा सर्व प्रकार मोठ्या संयमानें सांगितला आहे. मुंबईच्या मित्रांचीं पत्रें मुलाच्या हातीं पडूं नयेत अशी तजवीज वडिलांनीं केली. वधूचे वडील माधवराव कुर्लेकर भेटीस आले, तेव्हां रानड्यांनीं स्वतःविरुद्धच वकिली केली: आपण विधवाविवाहाचे पुरस्कर्ते आहोंत, आपले डोळे व कान अधू आहेत, पुढें विलायतेस जावयाचें आहे, आणि परत आल्यावर आपण प्रायश्चित्त घेणार नाहीं. कुर्लेकरांनीं सारें ऐकून घेतलें, आणि तरीही मुलगी देऊं केली! इकडे गोविंदरावांनीं संबंध तोडून निघून जाण्याची भाषा काढली. पुण्याच्या न्यायासनावर बसून रोज इतरांच्या तंट्यांचा निवाडा करणारा हा पुरुष तेथें नमला.

आज्ञा आणि तत्त्व यांचा झगडा म्हटला कीं, एका बाजूस जुलूम आणि दुसऱ्या बाजूस सदसद्विवेक असें चित्र आपण मनाशीं रंगवितों. आमचे विद्यार्थी तर परीक्षेच्या उत्तरांत दुसरें कांहीं रंगवीतच नाहींत. परंतु बापाचें मन न दुखविणें हें देखील रानड्यांचें तत्त्वच होतें, आणि पुनर्विवाहाच्या तत्त्वाहून तें जुनें व अधिक खोल रुजलेलें होतें. म्हणून त्यांस भित्रे म्हणतां येत नाहीं. मात्र एवढ्यानें ते दोषमुक्तही होत नाहींत. त्यांनीं आपलें मन मारलें हें खरें. पण त्या त्यागाची किंमत त्यांनीं एकट्यानें दिली नाहीं. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या यमुनेला, म्हणजे पुढच्या रमाबाईंना, कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. ह्या पुढाऱ्याकडे डोळे लावून बसलेल्या चळवळीलाही कोणीं विचारलें नव्हतें.

आज्ञा मोडली असती तरी दुसऱ्या कोणास तरी झळ लागलीच असती. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्या विधुर प्राध्यापकानें गोदूबाई ह्या विधवेशीं विवाह केला. मुरुडकरांनीं बहिष्कार घातला, आणि त्याचा जाच गांवीं राहणाऱ्या त्यांच्या आईस झाला. पण कर्व्यांच्या कृतीनें दुसऱ्या एखाद्या विधवेस वाट दिसली असेल. रानड्यांच्या कृतीनें तशी वाट दिसणें शक्यच नव्हतें. हा फरक आम्हांस फार मोठा वाटतो, आणि पितृभक्तीचे कितीही गोडवे गाइले तरी तो भरून निघत नाहीं.

लग्नाच्या रात्रींच रानड्यांनीं त्या मुलीस लिहितां वाचतां येतें का, असें विचारलें, आणि शिकवणीस आरंभ केला. ह्यांत पश्चात्ताप किती आणि हौस किती, हें कोणीं सांगावें? परिणाम मात्र विचित्र झाला. पतीची इच्छा शिकण्याची, आणि घरांतील वडील बायकांची इच्छा न शिकण्याची. जो पेंच पतीस सोडवितां आला नाहीं, तोच आतां त्या पोरीच्या वांट्यास आला. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढें तिनें इंग्रजी भाषण वाचलें, तेव्हां घरीं टोमण्यांचा वर्षाव झाला. अशा वेळीं उलट बोलूं नये, सोसावें, हीच पतीची शिकवण. बापापुढें जें त्यांनीं स्वतः केलें, तेंच त्यांनीं पत्नीस शिकविलें. फक्त तिनें सोसतां सोसतां वाचणें सोडलें नाहीं.

पुढें १८९० च्या आक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून ग्रामण्य उठलें. रानड्यांनीं प्रथम प्रायश्चित्त नाकारलें, आणि १८९२ सालीं मित्रांच्या कौटुंबिक अडचणींकडे पाहून तें घेतलें. प्रकार पुनः तोच. आज्ञेच्या जागीं स्नेह आला एवढेंच. ह्या खेपेस मात्र त्यांना जाब विचारण्याजोगें एक माणूस त्यांच्याच घरांत तयार झालें होतें. हें प्रायश्चित्त रमाबाईंना रुचलें नाहीं, आणि ती नापसंती त्यांनीं आपल्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे.