बिंदू आणि बिंदुवाद : सय्यद हैदर रझा यांच्या अमूर्त चित्रांचा विचार

आधुनिक भारतीय चित्रकलेचे अध्यापन करताना एक घोटाळा वारंवार निदर्शनास येतो. सय्यद हैदर रझा यांच्या चित्रातील 'बिंदू' पाहताच विद्यार्थी त्याचे नाते फ्रान्समधील 'बिंदुवादा'शी जोडतात. रझा यांचे पॅरिसमधील प्रदीर्घ वास्तव्य हा त्यांना पुरेसा पुरावा वाटतो. प्रस्तुत लेखात या समजाची ऐतिहासिक तपासणी केली आहे.

बिंदुवादाचा प्रवर्तक जॉर्ज सरा याचे 'ग्रांद जात' बेटावरील रविवारचे भव्य चित्र 1886 मध्ये दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या आठव्या व अखेरच्या प्रदर्शनात मांडले गेले. रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल याने 1839 मध्ये रंगांच्या परस्परविरोधाचे नियम ग्रंथबद्ध केले होते. त्यांच्या आधारे सरा शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवतो. मिश्रण रंगपाटीवर न होता पाहणाऱ्याच्या नेत्रात व्हावे, हा त्यामागील हेतू. येथे सुटा ठिपका निरर्थक असतो; तो समूहात विरघळण्यासाठीच असतो.

रझा यांचा मार्ग निराळा आहे. 1922 मध्ये मंडला जिल्ह्यात जन्मलेल्या रझा यांचे कलाशिक्षण नागपुरात व पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत झाले. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे व गाडे यांच्यासमवेत ते संस्थापक होते. 1948 मध्ये काश्मिरात छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांना सेझानचा अभ्यास सुचविला. चित्राची बांधणी कशी असते हे शिकण्याच्या ओढीने ते 1950 मध्ये फ्रान्सला गेले. म्हणजे पॅरिसकडून त्यांनी मागितली ती रचना, ठिपका नव्हे. नंतरची दोन-अडीच दशके ते निसर्गचित्रांकडून मुक्त, आवेगी रंगलेपनाकडे सरकले. परंतु या यशातही त्यांना रितेपण जाणवू लागले. सत्तरच्या दशकातील भारतभेटींत त्यांनी अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात पाहिले. आपल्या मराठवाड्यातील लेणी या वळणावर उभी आहेत, याची नोंद येथील अभ्यासकांनी अधिक आग्रहाने घ्यावयास हवी.

1980 च्या सुमारास बिंदू त्यांच्या चित्राच्या केंद्रस्थानी आला. चंचल मन स्थिर व्हावे म्हणून शाळेतील गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेल्या ठिपक्याची आठवण रझा सांगत असत. हा बिंदू बहुधा मोठे काळे वर्तुळ असते. तो कशातही विरघळत नाही. उलट त्रिकोण, चौकोन आणि सपाट रंगक्षेत्रे त्याच्यापासूनच उगवल्यासारखी भासतात. बीज आणि पंचतत्त्वे ही त्यांची परिभाषा तांत्रिक मंडलांच्या परंपरेजवळची आहे. सरासाठी ठिपका हे साधन. रझांसाठी तोच विषय. अर्थात रंगांच्या सान्निध्यातून निर्माण होणारा ताण दोघांनाही महत्त्वाचा वाटतो, हे मान्य करावे लागते. परंतु तेवढ्यावरून वारसा सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट. परभणीसारख्या जिल्ह्यात मूळ रझा पाहण्याची संधी दुर्मिळ. आपले विद्यार्थी ही चित्रे पुस्तकांतील छपाईतून पाहतात. त्या पानावर भिंग धरले तर निळे, किरमिजी, पिवळे व काळे सूक्ष्म ठिपकेच दिसतात. रझांचा अखंड काळा बिंदूही तेथे शेकडो ठिपक्यांत फुटलेला असतो, आणि तो पुन्हा एकसंध होतो तो सराला अभिप्रेत असलेल्या रीतीनेच, डोळ्यात.